घाटातला पाऊस आणि आमची जीप

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जवहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय हिशेबाचा नाही, प्रवासाचा आहे. गेल्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही आठजणी माणमधून चिपळूणला निघालो होतो, मैत्रिणींना भेटायला. त्या प्रवासात मी एक मोठी चूक केली. ती तुम्हाला सांगायची आहे. सांगायला थोडी लाज वाटते, कारण मी गटाची समन्वयक. बाकीच्या बाया माझ्या भरवशावर घरातून निघाल्या होत्या.

आधी मैत्री कशी जुळली ते सांगते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्या शेजारचा स्टॉल चिपळूणजवळच्या एका गटाचा होता. आम्ही घोंगडी आणि बाजरीचे पदार्थ घेऊन गेलो होतो, त्या कोकम आणि फणसाचे तळलेले गरे. जेवायला एकत्र बसलो, भाकरीला आमटी आणि आमटीला सोलकढी अशी देवाणघेवाण झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचा पूर शिरला तेव्हा त्यांच्या अध्यक्षबाईंच्या घरात काही उरलं नाही. आम्ही गटातून गोधड्या आणि ज्वारी पाठवली. पुढे म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला त्या पाचजणी आमच्याकडे आल्या. आमची कोरडी माळरानं पाहून म्हणाल्या, “अगो, इथे माणसं राहतात कशी?” जाताना वचन घेतलं, “आता पावसात तुम्ही यायचं. पाऊस म्हणजे काय ते दाखवतो.”

दाखवला त्यांनी.

जीप ठरवली, सहा हजार भाडं, दोन हजार विसार दिला. प्रत्येकीने साडेसातशे रुपये काढले. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट होती परवानगी. आठ घरांमधल्या आठ बाया एकाच दिवशी एका मुक्कामाला सोडायच्या, म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. एकीच्या सासूबाई महिनाभर नाही म्हणत होत्या. एकीच्या मालकांनी “जा, पण उद्या संध्याकाळी धारेच्या वेळेला गोठ्यात पाहिजेस” असं बजावलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर हवामान पाहिलं. आमच्या भागाला काही नव्हतं. सकाळी उठून आभाळ पाहिलं तर ऊन पडलेलं, वाऱ्यावर धूळ उडत होती. मी सगळ्यांना फोन केले, चला, हवा चांगली आहे.

इथे माझी चूक झाली. बी.ए.ला माझा भूगोल होता. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, या प्रश्नाला मी आकृती काढून पूर्ण गुण मिळवले होते. आणि त्याच पर्जन्यछायेत उभी राहून मी घाटाचा अंदाज बांधत होते.

ही पर्जन्यछाया काय असते, सोप्या भाषेत सांगते. समुद्रावरून येणारा वारा पाण्याची वाफ घेऊन येतो. मध्ये सह्याद्री आडवा असतो. वारा डोंगर चढायला लागला की वर वर गार होतो, आणि गार हवेत वाफ मावत नाही, तिचं पाणी होऊन कोसळतं. चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून थेंब धरतात, तसंच. डोंगर ओलांडून वारा आपल्याकडे उतरतो तोवर त्याच्यातलं बरंचसं पाणी संपलेलं असतं. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या माणला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, सातारा. मध्ये अंतर दीडशे किलोमीटरसुद्धा नाही.

म्हणून तर हवामान खातं साताऱ्यासाठी दोन वेगळे इशारे देतं. एक जिल्ह्याचा आणि एक “सातारा घाट परिसर” म्हणून. पुणे आणि कोल्हापूरचंही तसंच. मी आमच्या गावाचं पाहिलं, घाटाचं पाहिलंच नाही. त्या दिवशी घाटाला नारंगी होता. नारंगीचा अर्थ तयारीत राहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा, सुरक्षित जागी थांबा. जिथून निघायचं तिथला, जिथे पोचायचं तिथला आणि मधल्या वाटेवरचा, असे तिन्ही इशारे पाहायचे असतात. आम्हाला निघतानाचा हिरवा दिसला आणि आम्ही निघालो.

बातम्यांत “मुसळधार”, “अति मुसळधार” असे शब्द येतात, ते नुसते बोलायचे शब्द नाहीत, त्यामागे मोजमाप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पडला तर तो जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्याही वर गेला तर अत्यंत जोरदार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं पत्र्याचं छप्पर सहाशे चौरस फूट धरा. त्यावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा, त्याच्या अर्ध्याहून जास्त, नुसतं एका छपरावरून! आता छपराच्या जागी अख्खा डोंगर धरा आणि पन्हाळीच्या जागी रस्ता ओलांडणारा नाला.

निघायला आम्हाला नऊ वाजले. सहाला निघायचं ठरलं होतं. पण धारा, भाकऱ्या, पोरांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, सगळं उरकून बाई घराबाहेर पडते तेव्हा सकाळ संपलेली असते. पुरुषमाणसं सहाला निघतात म्हणजे सहाला निघतात. हे तीन तास आम्हाला नंतर महागात पडले. वडूज, पुसेसावळी करत कराडला पोचलो तर बारा वाजून गेलेले. कराडपर्यंत पाऊस नव्हता. मल्हारपेठला भुरभुर सुरू झाली, पाटणला जीपच्या काचेवरचे वायपर थांबेनात. आमच्या बाया खूश! खिडकीतून हात बाहेर काढून पाणी तोंडावर घेत होत्या. दुष्काळातल्या माणसाला पाऊस दिसला की भीती वाटतच नाही, आधी आनंद होतो. हाही एक धोकाच आहे म्हणा.

पाटणच्या पुढे कोयनानगरच्या वाटेवर एके ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं. पूल अर्धवट होता, म्हणून बाजूने वळणरस्ता काढून नाल्यावर सिमेंटचे पाइप टाकून तात्पुरती मोरी केली होती. आम्ही पोचलो तेव्हा पाइप कमी पडून पाणी मोरीवरून वाहत होतं. तांबडं, गढूळ पाणी. खोली किती ते दिसत नव्हतं. पलीकडे दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो थांबलेला. आमच्यासमोर एक ट्रक पाणी उडवत निघून गेला. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, “ट्रक गेला म्हणजे गाडी निघंल ताई. काय करायचं बोला.”

जीपमध्ये एकच गलका. “चला चला, निघंल,” असं सहाजणी म्हणत होत्या. कुणी म्हणालं, आता मागं फिरलो तर विसार गेला. आणि जिच्या सासूबाई महिनाभर नाही म्हणत होत्या ती म्हणाली, “ताई, आज परत गेले तर मला पुन्हा कधी सोडणार न्हाईत. म्हणतील, बघ, म्हटलं नव्हतं?” तिचं हे बोलणं माझ्या मनाला लागलं. घड्याळात पावणेतीन झाले होते. मी म्हणाले, “घ्या भाऊ, हळू घ्या.”

मागच्या सीटवरून आक्कांनी दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या. आक्का आमच्या गटात सगळ्यांत मोठ्या, साठीच्या पुढच्या. त्यांचं माहेर पाटण खोऱ्यातलं. डोक्यावर इरल्यासारखं पोतं घेतलं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. “तुम्ही जावा. मी न्हाई येत.” मी म्हणाले, आक्का, गाडीत बसा, भिजताय. त्या म्हणाल्या, “ह्यो वढा मी लहानपणापास्नं बघत्ये. हितं पाऊस थांबला तरी वढा थांबत न्हाई. वर डोंगरात काय पडतंय ते हितं दिसतंय का तुला? त्यो धोंडा बघ.” पाण्याच्या कडेला एक काळा धोंडा होता, अर्धा बाहेर. “त्यो धोंडा बघत बस जरा. मग सांग.”

एकीला टाकून जीप नेता येत नाही. आम्ही थांबलो. सगळ्यांना राग आला होता, मलाही. पंधरा मिनिटांत धोंडा दिसेनासा झाला. त्यानंतर थोड्या वेळाने मोरीच्या कडेचा भराव ढासळला आणि लाल पाण्यातून पाइपचं एक टोक वर आलं. जीपमध्ये कुणी बोललं नाही.

आक्कांना जे अनुभवाने कळत होतं त्यामागचं कारण मी नंतर नीट वाचून काढलं, ते सांगते. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली की एकदम जड होते. पाणी वस्तूला वर उचलत असतं म्हणून. जीपचंही तेच होतं. जीपचा तळ साधारण बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद धरा. पाणी तळाच्या वर फूटभर चढलं की ते गाडीला दीड टनाहून जास्त वजनाने वर उचलायला लागतं. गाडी वजनदार म्हणून रस्त्याला चिकटून राहते ना, तोच जोर कमी होतो. मग वाहतं पाणी तिला बाजूला ढकलून देतं. लहान मोटारीला फूटभर वाहतं पाणी पुरतं, दोन फुटांत जीपसारखी गाडीही वाहू शकते. आणि माणसाला? घोट्याच्या वर, अर्धा फूट वेगाचं पाणीसुद्धा पाय उचलतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ट्रक निघाला कारण तो उंच होता आणि भरलेला होता. ट्रकवरून आपल्या गाडीचा अंदाज घ्यायचा नसतो. मोटारसायकलवरून तर नाहीच.

दुसरी गोष्ट, गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, तेव्हा अंधारात दोन एसटी बस नदीत गेल्या. एसटीचे ड्रायव्हर रोजच्या वाटेवरचे, कसलेले. पण नसलेला पूल रात्री कुणाला दिसणार? म्हणून पाण्याखालचा रस्ता रात्रीच्या वेळी ओलांडायचाच नाही. दिवसाही पाणी मोरीवरून वाहत असेल तर थांबायचं. डोंगरातले ओढे चढतात लवकर तसे उतरतातही लवकर, पाऊस थांबला तर काही तासांत वाट मोकळी होते. वाट पाहायची ती मात्र काठावर नाही, लांब आणि उंचावर.

आम्ही मागे फिरलो. आता प्रश्न होता रात्रीचा. इथे आपल्या गटाचं जाळं कामाला आलं. मी आमच्या तालुक्यातल्या सहकारी ताईंना फोन लावला, त्यांनी पाटण तालुक्यातल्या सीआरपी ताईंचा नंबर दिला आणि त्यांनी मागे लागणाऱ्या पहिल्याच गावातल्या गटाच्या अध्यक्षांना कळवलं. अर्ध्या तासात आम्ही त्या गावच्या समाजमंदिरात होतो. ओळखदेख काही नाही. त्या बायांनी चूल पेटवून आमच्या साड्या वाळवल्या, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं माडगं दिलं. असा माणसांचा आधार असेल तर “मागे फिरायचं कुठे” हा प्रश्नच पडत नाही. तेव्हा निघण्याआधी वाटेवरच्या दोन गटांचे नंबर वहीत लिहून घ्या. मोबाइलमध्ये नको, वहीत. घाटात रेंज जाते, चार्जिंग संपतं.

मग घरी फोन. हे ओढा ओलांडण्यापेक्षा अवघड होतं. मी ठरवलं की प्रत्येकीच्या घरी मीच बोलणार. “रस्ता बंद आहे, आम्ही सगळ्या एकत्र आहोत, या गावात या गटाकडे मुक्कामाला आहोत, हा त्यांचा नंबर.” एवढंच. रडून नाही, माफी मागून नाही. सात घरांनी ऐकून घेतलं. आठव्या घरी सासूबाई फोनवर आल्या. मी तयारीत होते. त्या म्हणाल्या, “गाडी पाण्यात घातली न्हाई न्हवं?” मी म्हणाले, नाही. “मग ऱ्हावा तिथंच. धार मी काढते.” सूनबाई बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत, मी विचारलं नाही.

सकाळी कळलं की आदल्या संध्याकाळी कुंभार्ली घाटात दरड आली होती. ओढा ओलांडून गेलो असतो तर आम्ही त्याच सुमाराला घाटात असतो. दुपारपर्यंत जेसीबीने एक बाजू मोकळी केली आणि गाड्या सोडायला लागले. आम्ही पोलिसांना विचारून निघालो.

दरडीबद्दल थोडं सांगायला हवं. डोंगराची माती पाणी पिऊन पिऊन फुगते, जड होते आणि खालच्या खडकावरून सरकते. रस्त्यासाठी पायथा कापलेला असतो, म्हणजे खालचा आधार आधीच काढलेला. बहुतेक वेळा ती आधी खुणा देते. कड्यावरून बारीक खडे घरंगळत येतात. नितळ पाझर अचानक गढूळ होतो. झाड किंवा विजेचा खांब तिरका झालेला दिसतो. सगळ्यांत फसवी खूण म्हणजे भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होणं. आपल्याला वाटतं बरं झालं. पण वर कुठेतरी माती आडवी येऊन पाणी अडलेलं असतं, ते फुटलं की सगळं एकदम खाली येतं. तिथे क्षणभर थांबायचं नाही. घाटात धबधबा दिसला की फोटोला उतरायचा मोह होतो, तो कड्याखाली तर अजिबात करायचा नाही. आमच्यातल्या दोघींना करायचा होता. आक्कांनी नुसतं पाहिलं, त्या बसल्या.

हेळवाककडून गेलं तर कुंभार्लीला चढ थोडा, उतारच मोठा. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. ड्रायव्हरभाऊंनी दिवे खालच्या झोतावर ठेवले होते. मी विचारलं, वरचा झोत का नाही? तर म्हणाले, धुक्याच्या थेंबांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. उतारावर ते गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेक कमी लावत उतरत होते. सारखा ब्रेक दाबला तर तो तापून धरत नाही. पेट्रोल-डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर असतात. तसा दिसला तर सरळ बोला. भाडं आपण देतो.

विजेचं राहिलं. जुलैच्या झडीत विजा त्या मानाने कमी, आपल्याकडे त्या मे-जूनच्या वळवाला आणि परतीच्या पावसात जास्त. गाडीत असाल तर काचा बंद करून आतच थांबा. टायर रबरी म्हणून गाडी सुरक्षित, हे खरं नाही. गाडीच्या लोखंडी कवचावरून वीज जमिनीत जाते, आतल्या माणसाला ती लागत नाही. म्हणून मोटारसायकल किंवा उघडा ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही, त्यांनाही टायर आहेतच की. झाडाखाली तर जाऊच नका. वीज चमकल्यापासून आकडे मोजा. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आडोसा गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं “दामिनी” नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता ते दाखवतं. गटातल्या एकीच्या तरी मोबाइलमध्ये ते असू द्या. अडचणीत ११२ लावा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे.

चिपळूणला पोचलो तेव्हा चार वाजले होते. एक दिवस उशीर. अध्यक्षबाई अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी मिठी मारली आणि आधी शिव्या घातल्या. “अगो, घाटाची बातमी बघून निघत नाही का तुम्ही?” घरात नेलं. भिंतीला नवा रंग दिलेला, पण एक आडवी रेघ मुद्दाम तशीच ठेवली होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. २०२१ च्या पाण्याची. त्या म्हणाल्या, रंगारी विचारत होता, ही पण पुसू का. मी नको म्हटलं.

रात्री तांदळाची भाकरी, अळूचं फदफदं आणि सोलकढी झाली. आम्ही नेलेली घोंगडी मात्र भिजून इतकी जड झाली होती की दोघींनी मिळून उचलावी लागली. ती पडवीत दोरीवर घातली. त्या हवेत वाळायला तिला आठ दिवस लागले, असं नंतर फोनवर कळलं.

परत आल्यावर मासिक बैठकीत आम्ही दोन ठराव लिहिले. गटाच्या प्रवासात एकीनेही “मी येत नाही” म्हटलं तर गाडी थांबेल, तिला कारण विचारायचं नाही. आणि विसाराचे पैसे बुडाले तर ते गटाच्या निधीतून भरायचे, म्हणजे पैशासाठी कुणी पुढे चला म्हणणार नाही. दुसऱ्या ठरावावर बरीच वादावादी झाली, पण झाला. सूचक म्हणून आक्कांचा अंगठा आहे, अनुमोदक म्हणून त्या सूनबाईची सही.

पुढची भेट आता डिसेंबरात, रथाच्या वेळी. त्या येणार आहेत, त्याही नऊजणी.